हॉकीची पंगत

लेक जेवता जेवता मध्येच थांबली आणि ताटातल्या भाताकडे बघत बसली, की मी समजतो, ऑफिसात काहीतरी झालंय. तिच्या आईचीही हीच खोड. फरक एवढाच की आई थोड्या वेळात बोलून मोकळी व्हायची. ही बोलत नाही. इथं राहून हिला सगळं ‘फाइन’ म्हणायची सवय लागलीय.

मी आचारी. शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं चुलीपुढं. मी आणि माझी बायको, दोघांनी मिळून उभा जन्म लग्नाची, बारशाची, तेराव्याची जेवणं रांधली. दिवाळीच्या तोंडावर ती गेली. तिच्या तेराव्याचं जेवण मात्र दुसऱ्या आचाऱ्यानं केलं आणि वरणात मीठ कमी घातलं. मी काही बोललो नाही. कुणाला बोलणार? मीठ बघायचं काम तिचं होतं.

लेक एकुलती. ती मला इकडं घेऊन आली, मिनेसोटात, कॉलेजच्या एका गावात. मी सहा महिन्यांच्या कागदावर आलो, आणि ती नोकरीच्या कागदावर आहे. नोकरी आहे तोवर ती इथं. नोकरी गेली तर दोन महिन्यांत दुसरी बघायची, नाहीतर गाठोडं बांधायचं. हे तिनं मला सांगितलं नव्हतं. फोनवर मैत्रिणीला सांगत होती, ते मी ऐकलं. मैत्रीण नागपूरची आणि बोलणं निम्मं इंग्रजीत, पण भीती कुठल्याही भाषेत कळते. खरं सांगायचं तर माझ्या मनात एकदा येऊन गेलं, की जाऊ दे नोकरी, येईल घरी, मी तरी एकटा राहणार नाही. नंतर तिचं तोंड बघितलं आणि स्वतःचीच लाज वाटली.

तिची नोकरी कॉलेजच्या खेळखात्यात, हिशेबाची. त्या कॉलेजात हॉकीचं मोठं प्रस्थ. आपण शाळेच्या मैदानावर खेळायचो ती हॉकी नव्हे. ही बर्फावरची. पोरं पायात सुऱ्या बांधून पळतात आणि काठीनं रबराची चकती मारतात. पुढल्या वर्षी या हॉकीतून कॉलेजला किती पैसे येतील, त्याचा आकडा काढायचं काम हिच्या गळ्यात पडलं होतं. आकडा लहान निघाला तर खर्च कापणार. खर्च कापायचा म्हणजे आधी ऑफिसातली माणसं, आणि त्या ऑफिसात सगळ्यांत शेवटी लागलेली ही. आकडा मोठा लिहिला आणि पैसे आले नाहीत, तर लिहिणारी कोण? पुन्हा हीच. म्हणजे इकडं आड, तिकडं विहीर, आणि पोरगी मधे कॉम्प्युटर घेऊन बसलेली.

शेवटी एका रविवारी दुपारी मीच विषय काढला. म्हणलं, मला समजावून सांग, मी काय अगदीच दगड नाही. तिनं सांगितलं. तिकिटं आहेत. त्यात वर्षाची खुर्ची म्हणून एक प्रकार आहे, म्हणजे सगळ्या सामन्यांचे पैसे आधीच भरायचे आणि तीच खुर्ची दरवर्षी आपली. गाड्या लावायचे पैसे आहेत. कडेच्या फळ्यांवरच्या जाहिराती आहेत. देणगी देणारे आहेत. सामना बघायला आलेले लोक खातात-पितात, ते एक मोठं कलम. आणि आपली टीम दुसऱ्या मोठ्या कॉलेजात खेळायला गेली, तर तिकडचे लोक आल्याबद्दल ठरलेली रक्कम देतात.

“म्हणजे सुपारी,” मी म्हणलं.

ती पहिल्यांदा हसली. “अगदी सुपारीच, अण्णा.” तेव्हापासून त्या कलमाला आमच्या घरात सुपारीच म्हणतात.

बाकी कलमं माझ्या डोक्यावरून गेली, पण खाण्याचं आलं आणि मी सरसावून बसलो. म्हणलं, खुर्च्या विकल्यात किती, त्या सगळ्या धर. माणूस आला म्हणजे खाणार. वर थोडं चढवून धर. कमी पडू नये.

आता हे मी का म्हणलं ते सांगतो. आमच्या धंद्यात कमी पडणं म्हणजे मरण. उरलं तर कुणी नाव ठेवत नाही, गल्लीत वाटतात, गाईला घालतात. पण शेवटच्या पंगतीला भात संपला, तर मुलीच्या बापाची मान खाली जाते, आणि आचाऱ्याला त्या गावात पुन्हा कुणी बोलावत नाही. म्हणून माझा हात नेहमी चढता. अंदाज विचारला की मी दोन पायल्या वरच सांगणार.

बायकोचं तसं नव्हतं. ती आदल्या दिवशी लग्नघरी जायची. मागच्या दारी बायकांत बसायची, चहा प्यायची, भाजी निवडू लागायची आणि येऊन मला अंदाज सांगायची. पत्रिका किती वाटल्या ते ती कधी विचारतच नसे. एकदा येऊन म्हणाली, तांदूळ कमी घ्या, चुलत्याचं आणि नवऱ्यामुलाच्या बापाचं बोलणं बंद आहे, खालची आळी जेवायला यायची नाही. मी भांडलो. खालची आळी आली नाही. तिचं म्हणणं होतं, “अंदाज चुकायचाच. एका पानानं चुकला तर देवाला, पंगतीनं चुकला तर कुत्र्याला.” धुरानं तिला खोकला यायचा, म्हणून पदराच्या गाठीला लवंगा बांधलेल्या असायच्या. एक तोंडात टाकायची आणि मला परत एकदा वेडा ठरवायची.

तर ती नव्हती, आणि मी होतो. रोज संध्याकाळी लेक दारातून आत आली की मी विचारायचो, किती धरलं? कमी नाही ना धरलं? ती बूट काढता काढता म्हणायची, “अण्णा, प्लीज.” एकदा म्हणाली, “अण्णा, हे लग्न नाही. मला पैसे मोजायचेत, पानं नाही.” मी म्हणलं, पैसे पानामागूनच येतात. ती आत निघून गेली. मला वाटलं, जिंकलो.

त्या आठवड्यात तिनं आकडा साहेबांना दिला. साहेब म्हणजे तिच्या खात्याचा मोठा माणूस. तरुणपणी हॉकी खेळलेला, पुढचा दात त्यातच गेलेला. आकडा बघून तो खूश झाला. हिला रॉकस्टार म्हणाला. सोमवारी वरच्यांची मीटिंग होती, तिथं हाच आकडा ठेवू म्हणाला. लेकीनं घरी येऊन हे सांगितलं आणि खिचडी खाता खाता मध्येच थांबली. भाताकडे बघत बसली. मी विचारलं, आता काय? तर म्हणे, “फाइन.”

शनिवारी संध्याकाळी घरचा शेवटचा सामना होता. मला म्हणाली, चला, तुम्ही एकदाही बघितला नाही. मला जायचं नव्हतं. बाहेर थंडी, आत बर्फ, माणसानं पळायचं कुठं? पण तिच्या चेहऱ्याकडे बघून दोन स्वेटर घातले. तिला कामावर उभं राहायचं होतं, म्हणून मला वर्षाच्या खुर्च्यांतल्या एका मोकळ्या जागी बसवून ती गेली.

मी खेळ बघितला नाही. मी खुर्च्या बघितल्या. आयुष्यभर पंगती बघितलेला माणूस दुसरं काय बघणार? समोर कॉलेजची पोरं उभी राहून ओरडत होती, ती बाजू गच्च. आमच्या बाजूला सगळे माझ्या वयाचे, आणि मधे मधे फटी. दोन माणसं, एक फट. एक माणूस, एक फट. या खुर्च्या विकलेल्या होत्या, त्यांचे पैसे आलेले होते, मला माहीत होतं. मग माणसं कुठं होती? बोलावणं घेतलं, आहेर पोहोचवला आणि जेवायला आला नाही, असा पाहुणा मी बघितलाय. पण इतके?

माझ्या शेजारी लाल टोपीतला एक म्हातारा बसला होता. उंच, वाकलेला, कानात यंत्र. त्याच्या पलीकडची खुर्ची रिकामी होती आणि तिच्यावर चौकड्यांचं पांघरूण नीट घडी करून ठेवलेलं. तो तिकडं सरकला असता, तर मला पाय लांब करता आले असते. मी खुणेनं विचारलं, कुणी येणार आहे का? तो म्हणाला, “वाइफ,” आणि बोट वर केलं. मला वाटलं, वरच्या मजल्यावर गेली असेल. मग त्याचं तोंड बघितलं.

मी पण बोट वर केलं. म्हणलं, “मी. वाइफ.”

त्यानं मान हलवली. दोघं परत बर्फाकडे बघायला लागलो.

खेळ थांबला, सुट्टी झाली. एक मोठी गाडी आली आणि बर्फ सारवायला लागली. अंगण सारवावं तसं, कडेकडेनं फिरत, ओलं फडकं ओढत. ते मात्र मला आवडलं. म्हातारा पण टक लावून बघत होता. बघता बघता त्यानं कोटाच्या आतून थर्मास काढला. दुसऱ्या खिशातून कागदात गुंडाळलेलं सँडविच काढलं. बाहेरचं खाणं आणायला परवानगी नाही, हे दारावर चित्र काढून लिहिलं होतं, मलासुद्धा कळलं होतं. पण दारावरच्या पोरीनं या म्हाताऱ्यांचे खिसे तपासले नव्हते. मी मान वळवून मागं बघितलं. मागच्या रांगेत एक बाई डब्यातून काहीतरी खात होती. तिच्या पलीकडं दोघांत एक थर्मास. खाली जिन्यापाशी खाण्याच्या काउंटरवर पोरांची रांग होती. आमच्या बाजूचं एकही माणूस उठलं नव्हतं.

पंगतीला बसलेली माणसं घरून डबा घेऊन आली होती. आणि उरलेली आलीच नव्हती. आणि माझ्या लेकीनं या सगळ्यांचं पान वाढून ठेवलं होतं, वर थोडं चढवून.

तेवढ्यात ती आली. म्हाताऱ्यानं तिला ओळखलं, हसला. दोघं बोलायला लागली. मी तिला म्हणलं, मला सांग काय म्हणतोय. ती थोडं थोडं सांगत होती. बायको गेल्यापासून हा दोन्ही खुर्च्यांचे पैसे भरतोय. पांघरूण तिचं. मुलगा म्हणतो, बाबा, एक सोडा, रिकाम्या खुर्चीचे पैसे कशाला? दरवर्षी हा म्हणतो, अजून एक वर्ष.

“आणि पुढल्या वर्षी?” मी विचारलं.

तिनं त्याला विचारलं. तो पांघरुणाकडे बघून काहीतरी बोलला. तिनंही पांघरुणाकडे बघितलं. मग म्हणाली, “बहुतेक एकच ठेवीन म्हणतात.”

पुढचा खेळ मी बघितला नाही, खुर्च्याही बघितल्या नाहीत. आमच्याकडं पितरांचं पान वाढतात आणि त्या जागेवर कुणी बसत नाही, तसं ते पांघरूण होतं. ते पान या वर्षी त्यानं वाढलं, पुढल्या वर्षी वाढणार नव्हता. आणि त्याच्या त्या दुःखाच्या मापात माझ्या लेकीची नोकरी अडकली होती. काय विचित्र देश आहे, असं मनात आलं. मग वाटलं, देशाचं काय, माझ्या तोंडाचं विचित्र आहे. रोज संध्याकाळी ‘कमी पडू नये, कमी पडू नये’ कोण म्हणत होतं?

घरी जाताना ती ड्राइव्ह करत होती आणि काचेवर बर्फ पडत होता. मी म्हणलं, पोरी, खाण्याचं कलम चुकलंय. तू ते माझ्यामुळे चढवलंस.

“मला माहीत होतं, अण्णा,” ती रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली. “ते लोक डबे आणतात, सगळ्यांना माहिती आहे. किती जणांच्या शेजारची खुर्ची रिकामी आहे, तेही माहिती आहे. तुम्ही रोज म्हणत होतात, कमी पडू नये. मला तेच ऐकायचं होतं.”

“मग आता?”

“आता काय. साहेबांना रॉकस्टार पाहिजे.”

“तो म्हातारा तुझ्या कागदावर किती आहे?”

“दोन.”

“एक कर,” मी म्हणलं. मग मलाच कसंतरी झालं. म्हणलं, थांब, नको करू, माणूस जिवंत आहे, त्याच्या बायकोला आपण कोण काढणार? ती हसली नाही, रडली पण नाही. म्हणाली, “अण्णा, मला आई पाहिजे होती आत्ता.” मी म्हणलं, मला पण.

रविवारी दिवसभर ती कॉम्प्युटरपुढं होती. तिकिटं कमी केली. खाणं खाली आणलं. सुपारी होती तशी ठेवली. दोनदा मला वाटलं, जाऊन म्हणावं, इतकं कमी नको. दोन्ही वेळा जीभ चावली. आचारी माणसाला ‘कमी कर’ बघत बसणं म्हणजे काय असतं, ते आचाऱ्यालाच विचारा.

सोमवारी ती मीटिंगच्या आधी साहेबांना गाठायला लवकर गेली. गेली आणि घर मला खायला उठलं. टीव्ही लावला, बंद केला. खिडकीतून बसस्टॉप दिसतो, तिथं पोरं उभी होती, ती गेली, दुसरी आली. नोकरी गेली तर सामान किती न्यायचं, भाड्याचं काय, गाडी कोण घेणार, गावातली नातेवाईक मंडळी काय म्हणतील, सगळं डोक्यात पंगत धरून बसलं. शेवटी मी घरातलं सगळ्यांत मोठं पातेलं काढलं आणि मसालेभात टाकला. हाताला काम पाहिजे होतं. हातानं आपलं माप धरलं. झाकण उघडलं तेव्हा कळलं, हा दोन माणसांचा भात नाही. हा लग्नघराच्या पहिल्या पंगतीचा भात आहे.

ती आली तेव्हा मी पातेल्यापुढंच उभा होतो. तिनं आधी पातेलं बघितलं, मग मला बघितलं. “कोण येणारेय?” म्हणाली.

“कुणी नाही. काय झालं ते सांग.”

साहेबानं दोन्ही आकडे शेजारी ठेवले म्हणे. मग विचारलं, गुरुवारी बरोबर असलेला आकडा आज चुकीचा कसा? हिनं सांगितलं, तेव्हा मी खुर्च्या मोजल्या होत्या, आता माणसं मोजली. साहेबाला ते आवडलं नाही. रॉकस्टार पुन्हा म्हणाला नाही. पण वर जाऊन लहान आकडाच ठेवला, कारण मोठा ठेवून वर्षानं तोंड लपवायची त्याचीही तयारी नव्हती. ठरलं असं, की टीम लांबच्या गावी विमानाऐवजी बसनं जाणार. मैदानात गुण दाखवायला नवा मोठा पडदा घ्यायचा होता, तो नंतर. ऑफिसातलं माणूस या वर्षी कमी करायचं नाही. पण जमा या लहान आकड्याच्याही खाली गेली, तर मग बघू, असं साहेब म्हणाला.

“बघू म्हणजे?” मी विचारलं.

“म्हणजे मी,” ती म्हणाली आणि ताट घेतलं. दोनदा वाढून घेतलं. मधे थांबली नाही. उरलेला भात आम्ही डब्यांत भरून सगळ्या मजल्यांवर वाटला. वरच्या मजल्यावरची तेलुगू पोरं डबा परत द्यायला आली आणि अंकल, पुन्हा कधी, असं विचारून गेली.

माझा कागद संपला तसा मी गावी गेलो. घर उघडलं, वर्षश्राद्ध केलं, जेवण या वेळी मीच रांधलं. मीठ बरोबर होतं. थंडी सुरू व्हायच्या आधी लेकीनं परत बोलावलं. विमानतळावरून घरी येताना तिनं मला एक गोष्ट सांगितली, आणि सांगताना तिचा आवाज बदलला होता.

“लाल टोपीवाल्या आजोबांनी दोन्ही खुर्च्यांचे पैसे भरले. माझा अंदाज चुकला.”

एका पानानं चुकला, मी म्हणलं. देवाला.

मग मी हट्ट धरला, की मलाही वर्षाची खुर्ची पाहिजे. ती म्हणाली, तुम्हाला कशाला, मी तुम्हाला फुकट आत नेते. मी म्हणलं, फुकट नको, तुझ्या जमेत धर. तिनं डोक्याला हात लावला, पण खुर्ची घेऊन दिली. पांघरुणाच्या जागेवर मी बसत नाही. म्हाताऱ्याच्या अलीकडं बसतो, मागच्या वेळी बसलो होतो तिथंच. मसालेभाताचा डबा कोटाच्या आत असतो. त्यातला निम्मा त्याला देतो. खाण्याच्या कलमाचं नुकसान होतं, ते मला माहीत आहे. म्हणून सुट्टीत खाली जाऊन दोघांसाठी काउंटरवरची कॉफी आणतो. वाईट असते.

या थंडीत त्याचा खोकला वाढलाय. तो खोकायला लागला की मला खेळ दिसत नाही. मी पलीकडची खुर्ची बघतो, ही खुर्ची बघतो, पुढल्या वर्षाचं मनात येतं, आणि आपण नक्की कशासाठी घाबरतोय ते मला सांगता येत नाही. लेकीसाठी, का याच्यासाठी, का नुसती सवय. मग मी खिशात हात घालतो. रुमालाच्या टोकाला लवंगा बांधलेल्या असतात. एक त्याच्या हातावर ठेवतो आणि ती तो चावेपर्यंत त्याच्याकडे बघत बसतो.